बीपीच्या फुग्याने टू-स्ट्रोक तपासू या!

'लीक-डाउन टेस्ट' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी आयसी इंजिनच्या प्रॅक्टिकलला ऐकलेला असतो. पण तो फोर-स्ट्रोकचा. सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरने साधारण १०० पीएसआयची हवा द्यायची, मध्ये एक बारीक छिद्र ठेवायचं, छिद्राच्या अलीकडे एक गेज आणि पलीकडे एक गेज, आणि दोघांतल्या फरकावरून गळती किती टक्के ते काढायचं. झालं, जर्नल कम्प्लीट! टू-स्ट्रोकची टेस्ट नावाने तीच असली तरी कामाने निराळी आहे. तिला कॉम्प्रेसर लागत नाही, उलट कॉम्प्रेसर लावला तर इंजिनचं वाटोळं होतं. तिला लागतो डॉक्टरांच्या बीपी मशीनचा फुगा आणि काटा. हे यंत्र घरच्या घरी कसं बनवायचं आणि त्यातून काय कळतं, ते या लेखात सांगायचा प्रयत्न करते.

आधी एक खुलासा. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे पार्टची नावं मी मेकॅनिक म्हणतात तशीच ठेवली आहेत. आणि मला वाटतं तेच बरं. पेन्सिल चौकातल्या दुकानात जाऊन "एक तैलरोधक कडं द्या" म्हटलं, तर दुकानदार चहा पाजून परत पाठवेल. 'ऑइल सील' म्हटलं की लगेच "कितीचं?" असं विचारतो.

तुम्ही म्हणाल, टू-स्ट्रोक आता उरलंय कुठे? प्रश्न बरोबर आहे. आपल्या एमआयडीसीतच बघा. पियाजिओचा कारखाना इथे आला आणि १९९९ पासून इथून आपे रिक्षा बाहेर पडायला लागल्या, त्या डिझेलच्या. २०१२ पासून इथे व्हेस्पा बनायला लागली, तीही १२५ सीसी फोर-स्ट्रोक. पण हीच व्हेस्पा १९४६ साली इटलीत जन्मली तेव्हा टू-स्ट्रोक होती. बजाजने १९६० च्या सुमारास तिचं लायसन्स घेतलं, ते १९७१ मध्ये संपलं, आणि १९७२ मध्ये चेतक आली. आपल्या आई-बाबांच्या लग्नाच्या अल्बममध्ये जी स्कूटर असते ती हीच! साधारण १४५ सीसी, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक. यामाहा आरएक्स १०० तर १९८५ ते १९९६ एवढीच बनली, तरी आपल्या पार्किंगमध्ये ती आजही उभी आहे आणि तिचा मालक तिला कोणालाही हात लावू देत नाही.

पण गाड्या बाजूला ठेवा. बारामती-इंदापूर भागात टू-स्ट्रोक जिवंत आहे तो शेतात. पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप, गवत कापायचं ब्रश कटर, झाडं तोडायची चेन सॉ, ही सगळी टू-स्ट्रोकवर चालतात, कारण इंजिन हलकं असतं आणि कसंही आडवं-तिडवं धरलं तरी चालतं. त्यामुळे ज्यांच्या घरी डाळिंब, द्राक्ष किंवा ऊस आहे त्यांनी हा लेख आरएक्सवाल्यांपेक्षा जास्त लक्ष देऊन वाचावा.

क्रँककेस म्हणजेच पंप

फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेसचं काम तेल धरून ठेवायचं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा स्वतःच एक हवेचा पंप असतो. ही कल्पना जोसेफ डे या इंग्रज इंजिनिअरची, १८९१ च्या सुमाराची. पिस्टन वर गेला की खाली क्रँककेसमध्ये ओढ निर्माण होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल, ऑइल आणि हवा आत येते. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जातं आणि ट्रान्सफर पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे एका फेरीत क्रँककेसमध्ये एकदा ओढ आणि एकदा दाब. सिलिंडरमध्ये जसा कॉम्प्रेशन रेशो ८ किंवा ९ असतो, तसा क्रँककेसचा पण एक रेशो असतो, पण तो जेमतेम १.३ ते १.५. थोडक्यात, तिथे दाब असतो तो वातावरणापेक्षा थोडासाच जास्त. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता या पंपाला कुठेतरी भोक पडलं तर? दाबाच्या वेळी थोडं मिश्रण बाहेर जाईल, ते चालून जातं. खरा घात होतो ओढीच्या वेळी. भोकातून आत येते ती नुसती हवा. तिच्यात पेट्रोल नाही आणि, महत्त्वाचं म्हणजे, ऑइलही नाही. कार्बोरेटरने मोजून दिलेल्या मिश्रणात ही फुकटची हवा मिसळली की मिश्रण लीन होतं, ज्वलन तापतं, पिस्टन फुगतो, आणि ज्या ऑइलने त्याला वाचवायचं तेही प्रमाणात कमी पडलेलं असतं. पिस्टन सिलिंडरला पकडतो. इंजिन सीझ!

लक्षणं आधी दिसतात, पण आपण ती दुसऱ्याच गोष्टींवर ढकलतो. ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस पटकन खाली येत नाही. आयडल एक दिवस वर, एक दिवस खाली. प्लग काढला तर पांढरा. कार्बोरेटरचा स्क्रू कितीही फिरवला तरी सेटिंग बसत नाही, आणि मग "कार्बोरेटरच खराब आहे" असं म्हणून नवा आणला जातो. गिअरच्या गाडीत क्लचच्या बाजूचं सील गेलं असेल तर उलटंच होतं, गिअर ऑइल आत ओढलं जातं, पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि गिअर ऑइल कमी होत जातं. यातलं काहीच कॉम्प्रेशन टेस्टमध्ये दिसत नाही, कारण ती टेस्ट पिस्टनच्या वरचं बघते. आपला चोर पिस्टनच्या खाली आहे.

इंदापूर तालुक्यात माझ्या मामाची डाळिंबाची बाग आहे. मृग बहार धरला की पावसाची उघडीप मिळताच फवारणी करावी लागते, नाहीतर तेल्या हातपाय पसरतो. त्यात दोन दिवसही वाया घालवून चालत नाहीत. मामाचा पाठीवरचा पंप, साधारण ३४ सीसीचा, लागोपाठ दोन मोसम ऐन फवारणीत सीझ झाला. दोन्ही वेळा एका मेकॅनिकने नवा पिस्टन आणि रिंगा टाकून दिल्या. दोन्ही वेळा निदान एकच: "पेट्रोलमध्ये ऑइल कमी टाकलंय." फवारणीला येणारे जे काका पेट्रोल मिसळतात त्यांच्यावर सगळं आलं. ते शपथ घेऊन सांगत होते की १ लिटरला ४० मिली माप टाकतो, म्हणजे २५ ला १, पंपाच्या पुस्तकात आहे तेवढंच. पण जळलेला पिस्टन समोर असताना त्यांचं कोण ऐकतं? दुसऱ्या वेळी त्यांच्या मजुरीतून पैसेही कापले गेले. मला ते फार लागलं, कारण काका मोजताना मी स्वतः पाहिलं होतं. सुट्टीत मी तो पंप एसटीत घालून हॉस्टेलला आणला (टाकी रिकामी करून, वाळवून!), आणि हा टेस्टर त्यासाठी बनवला.

बीपीचाच काटा का?

टू-स्ट्रोकवाल्या मेकॅनिक लोकांमध्ये एक ढोबळ नियम चालतो: ६ पीएसआय भरा आणि ६ मिनिटं बघा. काही मॅन्युअलमध्ये आकडा थोडा वेगळा असतो, तुमच्या इंजिनचं पुस्तक असेल तर त्यातलाच पाळा. पण ६ च का? कारण चालत्या इंजिनमध्ये क्रँककेसला जो दाब सोसावा लागतो तो याच पट्ट्यातला आहे. वरचा १.३ ते १.५ रेशो आठवा. त्यापेक्षा खूप जास्त भरला, समजा १०-१२ च्या वर गेलो, तर चांगलं सीलही जागचं उखडू शकतं. म्हणून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी इथे चुकूनही लावायची नाही. टायरला ३० पीएसआय सहज, इंजिनच्या सीलला ते मरण.

आता ६ पीएसआय मोजायचा कशाने? टायर गेजवर तो पहिल्या दोन रेघांच्या मध्येच कुठेतरी येतो, त्यावर पाव पीएसआयची घट दिसणारच नाही. पाण्याचा मॅनोमीटर करावा तर १ पीएसआयला ७० सेंटीमीटर पाणी, म्हणजे ६ ला सव्वाचार मीटर उंच नळी! पारा वापरला तर ३१ सेंटीमीटरमध्ये भागतं, पण पारा विषारी आहे, हॉस्टेलच्या खोलीत त्याचं नावही काढू नये. राहता राहिलं काट्याचं बीपी मशीन. त्याची डायल ३०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत असते. ३०० मिलिमीटर म्हणजे ४० किलोपास्कल, म्हणजेच ५.८ पीएसआय. जणू आपल्यासाठीच बनवलंय! शिवाय डायलवर दर २ मिलिमीटरला रेघ असते, म्हणजे ०.०४ पीएसआयचीही घट दिसते. सोबत फुगा, सोडायचा स्क्रू, सगळं तयार. डिजिटल मशीन मात्र चालत नाही, त्यात आपल्याला हवा तेव्हा काटा बघता येत नाही आणि ते स्वतःच हवा सोडून देतं.

जुन्या मशीनचा कापडी पट्टा फाटलेला असतो म्हणून लोक ते टाकून देतात. आपल्याला नेमका पट्टाच नको आहे. पट्ट्याला दोन नळ्या असतात, एक फुग्याकडे जाते आणि एक काट्याकडे. दोन्ही पट्ट्यापासून सोडवा आणि एका टी जोडाच्या दोन टोकांना लावा. टीचं तिसरं टोक इंजिनकडे. हा टी कुठून आणायचा? अहो, आपण ठिबकच्या गावात राहतो! ठिबकच्या बारीक नळीचे टी, जॉइंट, एंड प्लग कुठल्याही कृषी दुकानात सुटे मिळतात. नळी जाताना सोबत न्या आणि बसवून बघूनच घ्या. फुगा आणि टी यांच्यामध्ये सलाइनच्या सेटचा रोलर बसवा, कारण फुग्याची झडप स्वतः थोडी गळते. हवा भरली की रोलर दाबून फुगा बाजूला काढायचा, म्हणजे काटा जे दाखवेल ते फक्त इंजिनचं.

यानंतर एक काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका: टेस्टरचीच टेस्ट. इंजिनकडच्या टोकाला बूच लावा, ३०० पर्यंत भरा, आणि जोड पाण्याच्या बादलीत बुडवून बघा (काटा पाण्याबाहेर ठेवा). १० मिनिटांत काटा हलला नाही पाहिजे. माझा पहिला टी बारीक बुडबुडे सोडत होता, होज क्लिप लावल्यावर थांबला.

आता इंजिनला बुचं. एकूण तीन तोंडं: एक्झॉस्ट, इनटेक आणि प्लगचं भोक. एक्झॉस्टला सायलेन्सर काढा. तिथे बहुतेक इंजिनांना दोन स्टड किंवा बोल्ट असतात. ५ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी घ्या, त्याच अंतरावर दोन भोकं पाडा, खाली ट्रकच्या ट्यूबचा तुकडा ठेवा आणि आवळा. पोर्टच्या तोंडावरचा कार्बन आधी खरवडा, नाहीतर रबर बसणार नाही. इनटेकला कार्बोरेटर काढून तशीच पट्टी, किंवा गोल रबरी मॅनिफोल्ड असेल तर फुगणारं बूच: रबरी बुचाला आरपार भोक, त्यातून ८ मिलिमीटरचा बोल्ट, दोन्हीकडे मोठे वॉशर. नट आवळला की रबर बाजूला फुगतं आणि घट्ट बसतं.

प्लगच्या भोकासाठी जुना प्लग. वर्कशॉपमध्ये लेथवर त्याची दुमडलेली कड कापली की आतली चिनी माती बाहेर येते. हातोडीने फोडू नका, तुकडे डोळ्यात उडतात. आणि लेथवर असाल तरी गॉगल लावाच. राहिलेल्या लोखंडी कवचात जुन्या ट्यूबचा पितळी व्हॉल्व्ह, आतली पिन काढून, एम-सीलने बसवला. रात्रभर वाळू द्यायचा. प्लगचे आटे बहुतेक १४ मिलिमीटर आणि १.२५ पिचचे असतात, त्यामुळे एकदा केलेला हा जोड आरएक्सलाही चालतो आणि कित्येक पंपांनाही.

हवा कुठून द्यायची, यावर आमच्या खोलीत बराच वाद झाला. उत्तर इंजिनवर आहे. आरएक्ससारख्या इंजिनला इनटेकमध्ये रीड व्हॉल्व्ह असतो. प्लगमधून हवा दिली तर दाबाने रीड मिटून जातात आणि रीडच्या पलीकडचे सांधे, म्हणजे मॅनिफोल्ड आणि त्याचं गॅस्केट, तपासायचे राहून जातात. नेमकं तेच रबर उन्हाने तडकतं! म्हणून तिथे इनटेकच्या बुचातूनच हवा द्यावी. रीड आतल्या बाजूला उघडतात, हवा सगळीकडे पोचते. मामाच्या पंपात रीड नाही, पिस्टनच इनटेक उघडतो-मिटतो. तिथे प्लगमधून हवा द्यायची आणि पिस्टन अगदी खाली, बीडीसीला ठेवायचा. खाली असताना ट्रान्सफर पोर्ट उघडे असतात, त्यामुळे सिलिंडर आणि क्रँककेस एकच डबा होतो. नंतर दुसऱ्यांदा पिस्टन वर ठेवून, साधा प्लग लावून, इनटेकमधून हवा द्यायची म्हणजे इनटेकचे सांधेही बघून होतात.

थोडं गणित

नुसतं "काटा पडला" म्हणून भागत नाही, आपण इंजिनिअर आहोत! आरएक्सचा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५० मिलिमीटर, म्हणजे ९८ सीसी. क्रँककेसचा रेशो १.४ धरला तर पिस्टन खाली असताना क्रँककेसमध्ये साधारण २४५ सीसी जागा उरते. वर सिलिंडरची ९८ आणि हेडमधली १५ च्या आसपास. एकूण ३५० सीसी धरा. त्यात ०.४ बार दाब चढवायला बाहेरची १४० सीसी हवा पुरते. म्हणजे फुगा थोडेच वेळा दाबायचा.

दर मिनिटाला १ पीएसआय घट, ही सगळ्यात जास्त चालणारी गळती मानतात. १ पीएसआय म्हणजे ०.०६९ बार, गुणिले ३५० सीसी, म्हणजे मिनिटाला २४ सीसी हवा. आयडलला इंजिन मिनिटाला कित्येक लिटर हवा घेतं, त्यापुढे हे काहीच नाही. म्हणून काटा जरा सरकला की घाबरून इंजिन खोलू नका. जुन्या इंजिनचा काटा थोडा सरकतोच.

३४ सीसीच्या पंपाचं याच हिशेबाने एकूण माप सव्वाशे सीसीच्या जवळ येतं. त्यात ५० सीसी हवा गेली की ३०० झालंच. फुगा एकदा-दोनदा, तोही हळू! जोरात दाबला तर काटा ३०० च्या पुढे जाऊन मशीन बिघडेल. आणि लहान इंजिनला तीच काट्याची घट म्हणजे कमी हवा, हे विसरू नका. मिनिटाला १ पीएसआय घट इथे फक्त ८-९ सीसीची आहे.

अजून एक फसवी गोष्ट म्हणजे तापमान. गरम इंजिनवर टेस्ट घेतली आणि आतली हवा ४७ अंशांवरून ३७ वर आली, तर केल्व्हिनमध्ये ते ३२० वरून ३१०. आतला एकूण दाब (वातावरणाचा धरून) १४० किलोपास्कल असेल, तर तो सुमारे ४.४ किलोपास्कलने उतरतो. बीपीच्या काट्यावर हे ३३ मिलिमीटर! एक बुडबुडाही बाहेर न जाता. उलट सकाळी पार्किंगमध्ये ऊन चढताना टेस्ट केली तर काटा वर चढतो आणि खरी गळती झाकली जाते. म्हणून इंजिन रात्रभर थंड, आणि टेस्ट सावलीत.

चोर कुठे?

मामाच्या पंपाला भरायला घेतलं तर ३०० गाठायलाच घाम फुटला. रोलर दाबला आणि तीन सेकंदांत काटा शून्यावर. हिशेब करा: ५० सीसी हवा तीन सेकंदांत, म्हणजे या दाबाला सरासरी मिनिटाला १ लिटर. एवढं मोठं भोक असताना कितीही ऑइल टाका, काय उपयोग?

आता जागा शोधायची. साबणाचं पाणी ब्रशने हेड, सिलिंडरचा बुडखा, क्रँककेसचा मधला सांधा, प्लगचा वॉशर, आणि आपण स्वतः लावलेल्या पट्ट्या, सगळीकडे लावायचं. (पट्ट्या विसरू नका, निम्म्या वेळा चोर तिथेच असतो.) एका मैत्रिणीने फुगा हळूहळू दाबत राहायचा, दुसरीने बघायचं. आम्हाला बाहेर एकही बुडबुडा दिसला नाही. मग बीपी मशीनच्या डब्यातलाच स्टेथोस्कोप कामाला आला. त्याची चकती काढून टाका, नुसती उघडी नळी इंजिनभोवती फिरवा. फ्लायव्हीलच्या मागे नळी नेली आणि कानात स्पष्ट 'सूंऽऽ' आलं. पुलर लावून फ्लायव्हील काढलं, तर मागचं ऑइल सील. त्याची ओठासारखी कड वाळलेल्या भाकरीसारखी कडक, एका जागी चिरलेली.

गिअरच्या गाडीत क्लचकडच्या सीलला असं बघता येत नाही, ते केसिंगच्या आत असतं. तिथे गिअर ऑइलचं झाकण काढून त्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा पापुद्रा धरायचा. पापुद्रा फुगायला लागला तर हवा क्रँककेसमधून गिअरबॉक्समध्ये येते आहे.

सील बदलण्याआधी क्रँक हाताने वर-खाली हलवून बघा. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर नवं सीलही थोड्याच दिवसांत जाईल. सीलच्या अंगावर तीन आकडे असतात, उदाहरणार्थ १२-२२-७: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. दुकानात जुनं सील घेऊन जा आणि तेच मागा. मामाच्या पंपाचं बेअरिंग सुदैवाने चांगलं होतं. नवीन सील शंभर रुपयांच्या आत आलं. दोन्ही पिस्टन आणि मजुरी मिळून मामाचे साडेतीन हजार गेले होते! सील बसवल्यावर काटा ६ मिनिटांत ३०० वरून २८८ वर आला, म्हणजे पास. जुनं सील मी पुडीत बांधून मामाला दाखवलं. मामा जास्त काही बोलला नाही, पण पुढच्या बाजाराच्या दिवशी काकांचे कापलेले पैसे त्याने परत दिले. काकांनी ते सील मागून घेतलं आणि पंपाच्या खोलीत खिळ्याला टांगलं.

ओढीची टेस्ट

वरची टेस्ट पास झाली म्हणजे सगळं झालं असं मात्र नाही, आणि हा भाग बरेच मेकॅनिक सोडून देतात. सीलची कड अशी वळवलेली असते की आतून दाब आला की ती शाफ्टवर आणखी घट्ट बसते. ओढ आली की तीच कड शाफ्टवरून उचलली जाते. म्हणजे दाबाला पास होणारं सील ओढीला नापास होऊ शकतं, आणि इंजिनला मारणारी हवा तर ओढीच्या वेळीच येते!

बीपीचा काटा शून्याच्या खाली जात नाही. मग आम्ही गवंड्याची लेव्हल पाइप वापरली, ती पारदर्शक असते. आमच्या हॉस्टेलच्या जिन्यात पहिल्या मजल्याच्या पायरीवर पंपाचं इंजिन ठेवलं, तिथून पाइप सरळ खाली सोडली आणि तिचं टोक तळमजल्यावर बादलीत बुडवलं. पाण्यात थोडी शाई. वर टीला ६० मिलीची सिरिंज, मध्ये सलाइनचा थ्री-वे. थ्री-वे इंजिनकडे करून दट्ट्या ओढायचा, बाहेर करून ढकलायचा, पुन्हा इंजिनकडे. बादलीतलं पाणी पाइपमधून वर चढायला लागतं. २ मीटर चढलं की थांबायचं. २ मीटर पाणी म्हणजे जवळजवळ २० किलोपास्कलची ओढ, म्हणजे ०.२ बार. इंजिन बादलीपेक्षा ३ मीटर वर आहे, त्यामुळे २ मीटरला थांबलो तर पाणी इंजिनमध्ये जायची भीती नाही. पण सिरिंज ओढणाऱ्याने पाण्यावरची नजर काढायची नाही, खालून एकाने मोजत राहायचं.

आता पाण्याच्या पातळीला पाइपवर खूण करायची आणि घड्याळ लावायचं. नवं सील बसवलेल्या पंपात पाणी ६ मिनिटांत चार बोटं उतरलं. गंमत म्हणून जुनं, चिरलेलं सील परत बसवून बघितलं: पाणी अर्धा मीटरसुद्धा चढलं नाही. वॉर्डन मॅडम जिन्यात निळं पाणी बघून आल्या होत्या, त्यांनी उभं राहून पूर्ण टेस्ट पाहिली आणि शेवटी बादली जागेवर ठेवायला सांगून गेल्या.

टेस्ट झाल्यावर बुचं काढायला विसरू नका, विशेषतः एक्झॉस्टची पट्टी. सगळी बुचं एका दोरीत ओवून ठेवा आणि दोरीला लाल चिंधी बांधा, म्हणजे इंजिनमध्ये राहिली तर दिसतील. प्लगच्या भोकातून ऑइलचे चार थेंब टाकून, प्लग बाहेर ठेवूनच दोरी दोन-तीन वेळा ओढा, म्हणजे साबणाच्या पाण्याचा अंश आत गेला असेल तर निघून जाईल. मग प्लग, कार्बोरेटर, सायलेन्सर, आणि आयडलचा स्क्रू पुन्हा पहिल्यापासून सेट करायचा. गळती असताना कोणीतरी त्या स्क्रूने मिश्रण जमवून घेतलेलं असतं, ते सेटिंग आता चालणार नाही.

आमचा टेस्टर मेकॅनिकल वर्कशॉपच्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात ठेवला आहे. घरून ब्रश कटर किंवा फवारणी पंप आणायचा असेल तर टाकी रिकामी करून, कोरडी करून आणा, आणि सोबत त्याचं माहितीपुस्तक असेल तर तेही. आरएक्सवाल्यांनी गाडी आदल्या रात्रीच वर्कशॉपच्या सावलीत लावावी.